निळीचं लोंबतं दार

भिंगार,
मार्च १९७३

तीर्थरूप वन्संना,

एस्तेरचा मनापासून सलाम. तुमचं पत्र पोचलं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी सुटली, आणि समोरच्या बिऱ्हाडातली भांडणं तुम्हांला आता नुसती ऐकू न येता दिसूही लागली, हे वाचून आम्हां दोघांना फार आनंद झाला. औषधाचे थेंब वेळेवर घालत जा. शेजारणीकडून घालून घेऊ नका, तिचा हात कापतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, रेशनवर तो अमेरिकेचा लाल मिलो जोंधळा मिळतो (त्याच्या भाकरीला मी भाकरी म्हणत नाही, तुमचे बंधू म्हणतात, आणि वर आणखी एक मागतात), आणि विहिरी आटल्या तरी पाहुणे आटलेले नाहीत.

आता तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानाकडे येते. पहिलं पान मी तुमच्या बंधूंना मोठ्याने वाचून दाखवलं. दुसरं दाखवलं नाही. नाताळात श्रीरामपूरला चर्चसमोर सगळी मंडळी उभी असताना आमच्या गाडीचं दार बदकन खाली आलं, आणि ते पाहून तुम्हांला मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं तुम्ही त्यात लिहिता. सबब ती गाडी आता विकून टाकावी, भाऊने ह्या वयात दुष्काळी छावण्यांतली गुरं तपासत हिंडणं बंद करावं, आणि आम्ही दोघांनी तुमच्या मागच्या दोन खोल्यांत येऊन राहावं. इथवर ठीक होतं. मोठ्या बहिणीने लिहावं असंच आहे. पण खाली तुम्ही आणखी एक ओळ जोडली आहे, की एस्तेरने जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात बसून लोकांची बोलणी ऐकण्याऐवजी जरा घरच्या वस्तूंकडे पाहिलं असतं तर ही वेळ आली नसती. ती ओळ मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. तशीच होती.

वन्सं, दारांबद्दल मला कोणी शिकवू नये. पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला दार लावण्याचा तास होता. (खोटं वाटेल, पण होता. शिवणाच्या तासानंतर.) मूठ फिरवायची, दार चौकटीला अलगद टेकवायचं, मग मूठ सोडायची, आणि आवाज झाला तर पुन्हा पहिल्यापासून. सिस्टर खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकायच्या. एका दुपारी मी एकच दार इतक्यांदा लावलं की सिस्टरांना झोप लागली आणि तरी मी लावतच राहिले, कारण थांबा असं कोणी सांगितलं नव्हतं. अशा मुलीचं पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्या गृहस्थांनी आयुष्यभर दारं पायाने लावली. दोन्ही हातांत सुया, बाटल्या, नाहीतर कोणाचं तरी कोकरू. मी काही बोलले नाही. (बोलले, पण ते आता जुनं झालं.)

गाडी तुम्हांला माहीत आहेच. निळी. छावणीतला एक गोरा मेजर (ही गुरांची नव्हे, फौजेची छावणी) विलायतेला परत जाताना ती सोडून गेला, तेव्हापासून ती आमच्या घरात मुलासारखी आहे, म्हणजे खर्चिक आणि सर्दीची. तिच्या इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चालवणाऱ्याच्या बाजूच्या दाराबद्दल. गेल्या पावसाळ्यापासून (पाऊस पडला नाही, पण पावसाळा म्हणण्याची सवय जात नाही) ते दार उतरायला लागलं. लावताना खालून गुडघ्याने उचलायचं, वरून खांदा द्यायचा आणि मग धाडकन ढकलायचं. उघडलं की कमरेत मोडल्यासारखं लोंबायचं आणि खालचा कोपरा उंबऱ्यावर खरखर घासायचा. वरच्या फटीतून धूळ, खालच्या फटीतून उजेड. एकदा भिंगारच्या वळणावर ते चालत्या गाडीत आपण होऊन उघडलं आणि एका सभ्य सायकलवाल्याला नमस्कार करून परत आलं. त्यावर तुमच्या बंधूंनी इलाज काय केला असेल? गाय अडली की वासरू ओढून काढायची दोरी असते ना, ती दाराच्या मुठीला बांधून दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं. म्हणे, दार गेलं तर मला कळेल. मी म्हटलं, दार गेलं तर तुम्हीही जाल, मग कळेल मला.

म्हणून मी आसाराम मिस्त्रींना बोलावलं. भिंगारमध्ये फौजेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला प्रत्येक माणूस मिस्त्री आहे, पण आसाराम मिस्त्री सगळ्यांत मोठ्याने बोलतात. त्यांनी दाराभोवती दोन चकरा मारल्या, मांडी ठोकली, आणि मी आत चहा ठेवून येईपर्यंत काम संपवलं. दार एका बोटाने लागायला लागलं. नुसतं लागलं नाही, वन्सं, कॉन्व्हेंटसारखं लागलं! मी त्यांना चहाबरोबर केक दिला. (नाताळचा उरलेला. तुम्हीच दिला होता. त्यांना आवडला.) पुढचे काही दिवस मी विनाकारण अंगणात जाऊन ते दार उघडत आणि लावत होते. आणि मग एका सकाळी ते पुन्हा घासलं. पूर्वीपेक्षा वाईट.

मिस्त्रींना पुन्हा बोलावलं तेव्हा कळलं की त्या गृहस्थांनी दाराला हातसुद्धा लावला नव्हता. दाराची जीभ ज्या कोंदणात अडकते, ते कोंदण त्यांनी दाराशेजारच्या खांबावरून सोडवून खाली सरकवून बसवलं होतं.

"बाई, दार खाली आलं होतं, म्हणून मी त्याचं घर खाली आणलं. लागलं का न्हाई?"

"म्हणजे उद्या माझी साडी आखूड झाली तर मी पाय कापून घ्यायचे का?"

"पायाचं काम मी करत न्हाई," म्हणाले. लाज नाहीच.

पण माणूस अगदीच वाया गेलेला नाही. ह्या खेपेला त्यांनी दार पुरतं उघडलं, कडेला दोन्ही हातांनी धरून वर उचललं, आणि मला म्हणाले, ऐका. बिजागरीत टक्क असा आवाज झाला. खाली सोडलं, पुन्हा टक्क. बिजागरीची खीळ झिजून गेली होती आणि ज्या भोकात ती बसते ते गोल न राहता अंड्यासारखं झालं होतं. आता हे नुसतं म्हातारपण म्हणावं, तर दुसऱ्या बाजूचं दार त्याच वयाचं असून ठणठणीत आहे. (त्या बाजूला मी बसते.) तेव्हा मिस्त्री पाना खिशात घालून कोर्टातल्या साक्षीदारासारखे म्हणाले, "ह्या दाराला कोणीतरी लोंबकळतंय, बाई. रोजच्या रोज. आणि चांगला अंगापिंडाचा माणूस हाय."

मी तुमच्या बंधूंना विचारलं, तुमच्या दाराला कोण लोंबकळतं? ते छताकडे पाहत म्हणाले, "वारा." मी म्हटलं, काय? "छावणीवर वारा फार असतो. मोकळं माळरान आहे." वन्सं, हा मनुष्य खोटं बोलायला लागला की छताकडे पाहतो. तुम्ही लहानपणी त्याची ती खोड मोडायला हवी होती. मग मला चित्र स्पष्ट दिसलं. मी खेडोपाडी त्यांच्याबरोबर पूर्वी गेलेली आहे. डॉक्टरांची गाडी थांबली की कोणीतरी येऊन दार उघडतो आणि मग त्या उघड्या दारावर दोन्ही कोपरं टेकून, एक पाय आत ठेवून, म्हशीचा सगळा वंशवेल सांगतो. सगळा तालुका त्या एका दारावर रेलून बोलतो. तर त्यांतला एक जण पकडायचा आणि सगळ्यांच्या वतीने त्याला ऐकवायचं, असं मी ठरवलं. शिवाय तुमच्या पत्रातला मुद्दाही माझ्या मनात होताच. ह्या सबबीवर छावणी बंद, गाडी बंद, आणि हे घरी. ते वाक्यही मी तयार करून ठेवलं होतं. छोटं, आवाज न चढवता बोलायचं. सिस्टर तशी बोलायच्या आणि वर्ग गार व्हायचा.

आम्ही पाथर्डी रस्त्याने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया खडी फोडत बसलेल्या. त्यांचे हात न थांबता माना आमच्याकडे वळायच्या, आणि तुमचे बंधू प्रत्येकीला हॉर्न वाजवून उत्तर द्यायचे. छावणी म्हणजे, तुम्ही पाहिली नसेल तर सांगते, एक अख्खं माळरान गुरांनी भरलेलं. मेढी ठोकलेल्या, वर पाचटाची सावली, साखर कारखान्याकडून आलेल्या उसाच्या वाढ्याचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, ढीग, आणि मधोमध पाण्याची टाकी. गुरांची हाडं बाहेरून मोजता येतात. माणसांची अंगावर कपडे आहेत म्हणून येत नाहीत. आणि माश्या! पदर तोंडाला लावून मी तिथेच ठरवलं की ह्या जागी पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

गाडी पुरती थांबली नाही तोच फेटेवाला एक दांडगा गडी धावत आला. त्याने चालवणाऱ्याच्या बाजूचं दार धाडकन उघडलं आणि दोन्ही हातांनी गच्च धरून उभा राहिला. मी माझ्या बाजूने उतरले, गाडीला वळसा घातला आणि सुरुवात केली. वन्सं, इतकं चांगलं मी निवृत्तीनंतर बोलले नव्हते. हे दार आहे, बैलाचं शिंग नव्हे, हे विलायतेहून आलं तेव्हा तुझा बाप चड्डी शोधत होता, असं सगळं. आजूबाजूला माणसं जमली. गडी मात्र हलला नाही.

"ह्या डागतरीनबाई का?" त्याने तुमच्या बंधूंना विचारलं. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणतो, "बाई, तुमी टेलिफोनात हुत्या न्हवं? मंग एवढं वरडता कशापायी? मी हितंच हाय."

जमलेले लोक हसले. मी म्हटलं, दार सोड.

"न्हाई सोडायचो. डागतरचं दार धरायचा मान माझा हाय."

"कसला मान? सोड म्हणते ना!"

"गहिनीनाथ, सोड," तुमचे बंधू अगदी हळू आवाजात म्हणाले. आणि त्याने सोडलं.

आता पुढचं नीट वाचा. तुमचे बंधू उतरायला निघाले. त्यांनी डावा हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवला, उजवा दाराच्या वरच्या कडेवर, आणि अंगाचा सगळा भार त्या दारावर टाकला. दार खर्रकन खाली गेलं. ते अर्धे उठलेले, अर्धे बसलेले, तसेच अधांतरी राहिले, आणि चेहऱ्यावर हसू. पोरगा झाडावर अडकला की आईकडे बघून हसतो ना, तसं. गहिनीनाथ माझ्याकडे न पाहता पुन्हा पुढे आला. त्याने दाराखाली खांदा घातला आणि दोन्ही पाय रोवले. तुमचे बंधू त्या दाराचा आधार घेऊन उभे राहिले, सदरा खाली ओढला, आणि म्हणाले, "चला, ती खुरकुतलेली कालवड कुठाय?" सगळं पापणी लवण्याच्या आत. ज्याला ठाऊक नाही त्याला दिसणार नाही. गहिनीनाथ दार ओढत नव्हता, वन्सं. दार उचलून धरत होता. लोंबकळत होते ते आपले डॉक्टर.

मी उसाच्या वाढ्यावर जाऊन बसले. शेजारी मालनबाई म्हणून एक बाई तिच्या म्हशीला पाणी पाजत होती. तिने मला पाण्याचा तांब्या दिला, आणि मी काही विचारण्याआधीच सांगायला लागली.

"पयल्या दिशी डागतर आले आन् गाडीतच बसून ऱ्हायले. हालंनात. आमाला वाटलं, रागावले का काय. समदे लांब हुबे. मंग ह्यो गहिनी जवळ गेला, डागतरला उठवंना ते त्यानं बगितलं, आन् परत यून म्हनला, आजपास्नं डागतरचं दार म्याच धरनार. मान हाय माझा. कुनी मधी यायचं न्हाई."

"मग?"

"मंग काय! मान म्हनल्यावर समदेच आले की वो."

म्हणजे पाहा. एका म्हाताऱ्या माणसाला लाज वाटू नये म्हणून गहिनीनाथाने एक मान शोधून काढला, आणि लोकांना तो खराच वाटला. आता त्यावरून भांडणं होतात. गोरक्ष नावाचा एक जण म्हणे चुलत्याशी बोलत नाही, कारण चुलत्याने दोन वेळा दार धरलं आणि ह्याला एकदाही मिळालं नाही. शेवटी पाळ्या लावल्या आहेत. आणि ज्यांना खरं कारण माहीत नाही ते खांदा बिंदा काही देत नाहीत. फोटो काढायला उभं राहावं तसे छाती काढून त्या दाराला लटकतात आणि डॉक्टरांचं काम संपेपर्यंत लटकून राहतात. म्हणजे एकीकडून हे, दुसरीकडून मानकरी, आणि मध्ये बिचारी एक बिजागरी. "बाई, तुमी डागतरला बोलू नगा," मालनबाई म्हणाली. "माज्या आन् गहिनीबिगर कुनाला ठावं न्हाई. तुमाला ठावं आसंल म्हनून बोलले." मी म्हटलं, मला ठाऊक होतंच.

मला ठाऊक नव्हतं, वन्सं. आपल्या घरातल्या आरामखुर्चीत ढेकूण झाले म्हणून त्यांनी ती रखवालदाराला देऊन टाकली आणि सरळ उंच खुर्चीवर बसू लागले, तेव्हा मी त्या रखवालदाराच्या घरी ढेकणांचं औषध पाठवलं. रात्रीची प्रार्थना गुडघे टेकून न करता उभ्याने करू लागले. विचारलं तर म्हणाले, देवाला उभ्यानेही ऐकू येतं. मला ते फार पटलं. मीही उभ्याने करू लागले! ट्रंक लाइनवर मुंबईच्या माणसाने नुसता श्वास घेतला तरी तो खोटं बोलणार की खरं, हे मला कळायचं. आणि माझ्या नवऱ्याने गुडघ्यांचं दुखणं माझ्यापासून लपवलं, तेही एका मोडक्या दाराआड. मला इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं. मालनबाई म्हणाली, धूळ लई हाय.

मग मी त्यांना पाहत बसले. ती कालवड मेढीला बांधलेली होती. तिचं तोंड फोडांनी भरलेलं. ते तिच्याजवळ उभे राहिले, तिच्या कुशीला कान लावला आणि डोळे मिटले. अख्ख्या माळावर फक्त गुरांचं फुरफुरणं. मग ते काहीतरी म्हणाले आणि तिचा धनी, दाढी वाढलेला एक माणूस, खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसला की रडला ते मला लांबून कळलं नाही. पण कालवड राहणार होती, एवढं कळलं. ह्या माणसाला मी घरी बसवू शकते, वन्सं. एका वाक्याचं काम आहे, आणि वाक्य तयार होतं. ते मी तसंच घरी परत आणलं. परतीच्या वाटेवर आम्ही मिलोच्या भाकरीबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी मी आसाराम मिस्त्रींना सांगितलं की आता दार असं करा, की त्याला हत्ती लटकला तरी चालेल. ते म्हणाले, हत्ती कोण आहे ते कळलं का? मी म्हटलं, तुम्ही कामाचं बोला. ह्या खेपेला मी चहा ठेवायला आत गेले नाही. वेताचा मोढा टाकून समोरच बसले. दाराखाली फळी, फळीवर जुनी गोधडी आणि त्याखाली जॅक लावून दार तोललं, तेव्हा कुठे खीळ ठोकून बाहेर काढली. मधोमध झिजून ती चोखलेल्या पेपरमिंटसारखी झाली होती. मिस्त्रींनी अंड्यासारखी भोकं मोठी करून गोल केली, लेथवाल्याकडून जाड खिळा कातून आणल्या, आत पितळेच्या बांगड्या बसवल्या. खीळ परत घालताना दोन्ही भोकं एका रेषेत येईनात. मिस्त्री म्हणाले जॅक वर, मी म्हटलं खाली. तेवढ्यात तुमचे बंधू बाहेर आले, दाराकडे मान तिरपी करून पाहिलं, आणि म्हणाले, हे वासरू आडवं आलंय. मग ती गाईची दोरी दाराला बांधली. त्यांनी टोक धरलं, मी दाराला पोटाशी कवटाळलं, मिस्त्री हातोडा घेऊन तयार. "ओढू नका, कळ येऊ द्या," हे म्हणाले. "आता!" आणि खीळ लोण्यात गेल्यासारखी आत गेली. आम्ही तिघेही इतके ओरडलो की शेजारच्या रंगुबाईंना वाटलं आमच्याकडे खरंच कोणी व्यालं. त्यानंतर मिस्त्रींनी ते खाली आणलेलं कोंदण निमूटपणे वर, मूळच्या जागी नेलं. आधी बिजागरी आणि मग कोंदण, हा क्रम आता त्यांना माझ्याकडून पाठ झाला आहे, आणि ते तो बाजारात स्वतःच्या नावावर सांगतात.

आणखी एक काम मी करून घेतलं. त्याच दाराशेजारच्या खांबाला, आतून, हाताच्या उंचीवर, एक भक्कम लोखंडी मूठ बसवून घेतली. धरून उठायला. तुमच्या बंधूंनी विचारलं हे काय. मी म्हटलं, माझ्यासाठी आहे, हल्ली उतरताना मला धरायला लागतं. ते म्हणाले, "पण तू तर त्या बाजूने उतरतेस."

मी म्हटलं, "मी कुठूनही उतरेन."

वन्सं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. छताकडे नव्हे. मग म्हणाले, "बरोबर. तुला लागेल." आणि त्या मुठीला त्यांनी हात लावून पाहिला.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या पानाला माझं उत्तर असं, की गाडी विकायची नाही, तुमच्या मागच्या दोन खोल्यांत तूर्त गहू भरून ठेवा, आणि आपल्या भावाचं दार आता असं लागतं की चर्चसमोर आवाज होणार नाही. पाहिजे तर ईस्टरला येऊन दाखवतो. छावणीत मात्र मी पुन्हा जाणार नाही, हे आताच लिहून ठेवते. माश्या, शेण, आणि तो गहिनीनाथ. डोळ्यांना जपा, उन्हात काळा चष्मा घाला, आणि तो घातल्यावर कोणी ओळखलं नाही म्हणून रुसू नका.

तुमची,
एस्तेर

ता. क. वरचं पत्र मंगळवारी लिहिलं, आज शनिवार. ते टाकायचं राहिलं, कारण रोज छावणीत जावं लागतं. टाकीवर पाण्यासाठी बायांची झोंबाझोंबी चालते आणि तिथे रांग लावणारं कोणी नाही. मी एकदाच "थांबा" म्हटलं आणि सगळ्या थांबल्या. मालनबाई म्हणते, गुरंसुद्धा थांबली. डॉक्टर आता मुठीला धरून उतरतात, त्यामुळे दार धरायचा मान संपला आणि गहिनीनाथ दोन दिवस फुगून बसला होता. काल तो उठून माझ्या बाजूला आला, माझं दार उघडलं आणि छाती काढून त्याला लटकला. मागे गोरक्ष उभाच. म्हणजे आता ह्या बाजूच्या बिजागऱ्या.

ता. क. २. मूळ काम राहिलंच. तुमच्या मास्तरांची ती शिसवी काठी, चांदीच्या मुठीची, ते गेल्यापासून तुमच्याकडे कपाटामागे उभी असते. ती मला हवी आहे. म्हणजे मला नको, तुमच्या भावाला हवी आहे, पण मी दिली तर ते घेणार नाहीत आणि विकत आणली तर रखवालदाराला देतील. तुम्ही पाठवली तर त्यांना नाही म्हणता यायचं नाही. सोबत चार ओळी लिहा की मास्तरांची आठवण म्हणून तुझ्याकडे असू दे. गुडघे हा शब्द कुठेही लिहू नका. मी तुम्हांला हे कळवलं, हेही लिहू नका. तुम्हांला ती काठी रोज पाहायची सवय आहे, ते मला ठाऊक आहे, वन्सं. उगीच मागितली नसती.

ता. क. ३. तुमचे बंधू आत्ता दारातून डोकावून विचारून गेले, एवढं काय लिहितेस दीदीला? मी म्हटलं, गाडीच्या दाराबद्दल. म्हणाले, "माझी तब्येत उत्तम आहे, एवढं लिही. नाहीतर ती काळजी करत बसते." तर कळवते, की त्यांची तब्येत उत्तम आहे. काठी लवकर पाठवा.